हेंडरसनची ओळ, पोहरादेवीची माती

सामू = पीकेए + लॉग (क्षार ÷ आम्ल)

बारावीच्या रसायनशास्त्रात आयनिक समतोलाच्या प्रकरणात ही ओळ भेटते. बफर म्हणजे आम्ल घातलं तरी सामू (पीएच, आम्लतेचं माप) फारसा हलू न देणारं द्रावण; त्याचा सामू काढायचं हे सूत्र. त्यावर गणित येतं, विद्यार्थी लॉग टेबल उघडतात, आकडे घालतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. ओळ तिथेच राहते. वास्तविक ती सावकाश, पदापदावर थांबत वाचावी अशी आहे. तिच्यात जे सांगितलंय ते सुंदर आहेच, पण तिनं जे सांगायचं टाळलंय ते कळल्याशिवाय तिचं मोल कळत नाही. आणि ते न सांगितलेलं नीट वाचायचं, तर वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीच्या शिवारासारखी जागा नाही.

आधी ओळीचं जन्मवृत्त. अमेरिकेत हार्वर्डला लॉरेन्स हेंडरसन नावाचा शास्त्रज्ञ रक्ताच्या एका कोड्यात गुंतला होता. शरीरात चोवीस तास आम्ल तयार होत असतं, तरी रक्त आंबट का होत नाही? १९०८ साली त्यानं उत्तर मांडलं: हायड्रोजन आयनांचं प्रमाण ठरतं ते सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार यांच्या गुणोत्तरावरून. त्याच्या मांडणीत लॉग नव्हता, साधा गुणाकार-भागाकार होता. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यानं सामूची मोजपट्टी दिली. ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची. बिअर आंबवताना आम्लता जपावी लागते, आणि ०.००००१ सारखे आकडे रोज कोण लिहीत बसणार? म्हणून त्यानं फक्त शून्यांचा हिशेब ठेवला: ०.००००१ चा सामू ५. त्यानंतर डेन्मार्कच्याच हॅसेलबाल्खनं १९१६ च्या सुमारास हेंडरसनच्या समीकरणाला सोरेन्सनच्या पट्टीचा पोशाख चढवला. अशा रीतीनं रक्ताचा प्रश्न, बिअरची पट्टी आणि एका डॅनिश डॉक्टरचा हात मिळून आजची ओळ सिद्ध झाली. पुस्तकं हेंडरसन आणि हॅसेलबाल्ख या दोघांची नावं जोडून लिहितात.

आता पदं पाहू. पहिलं पद पीकेए. हा त्या आम्लाचा जन्मजात स्वभाव. आपल्याकडचा हायड्रोजन आयन सोडायला ते किती राजी आहे, याचं हे माप. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६. तुम्ही थेंबभर घ्या की पिंपभर, तो बदलत नाही. ओळीची सुरुवात अशी ठाम पायावर होते. त्यानंतर अधिकचं चिन्ह, आणि मग जे काही हलायचं ते सगळं कंसात. स्थिर आणि चल यांची इतकी स्वच्छ वाटणी फार थोड्या सूत्रांत दिसते.

कंसात गुणोत्तर आहे. वर क्षार, खाली आम्ल. वरचा हायड्रोजन आयन पकडणारा, खालचा सोडणारा. दोघे समसमान असले की गुणोत्तर १, एकचा लॉग शून्य, आणि सामू थेट पीकेएवर येऊन बसतो. कंसातला सगळा व्यवहार त्या क्षणी गप्प होतो आणि आम्लाचा स्वभाव उघडा दिसतो. कोणत्या कामाला कोणतं आम्ल निवडायचं हे याच जागेवरून ठरतं: हवा असलेला सामू ज्याच्या पीकेएजवळ, ते आम्ल आपलं.

खरी करामत मात्र ‘लॉग’ या छोट्या पदाची. गुणोत्तर १ वरून १० वर गेलं, तर सामू फक्त एकानं चढतो. दहाचं शंभर झालं, तर आणखी एकानं. बाहेर कितीही उलथापालथ होवो, लॉग तिला चिमटीत धरून बारीक करतो. एक उदाहरण पूर्ण मांडून पाहू. एक लिटर द्रावणात अ‍ॅसेटिक आम्ल ०.१ मोल आणि सोडियम अ‍ॅसेटेट ०.१ मोल. सामू ४.७६. त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. आलेला प्रत्येक हायड्रोजन आयन अ‍ॅसेटेट पकडतो आणि स्वतः आम्ल होतो. म्हणजे वरचा आकडा ०.१ चा ०.०९ झाला, खालचा ०.१ चा ०.११. गुणोत्तर ०.८२, त्याचा लॉग उणे ०.०९. नवा सामू ४.६७. तेवढंच आम्ल लिटरभर शुद्ध पाण्यात घातलं असतं, तर सामू ७ वरून थेट २ वर आला असता, म्हणजे हायड्रोजन आयन लाखपट. पाण्यात लाखपट, बफरमध्ये सव्वापटसुद्धा नाही.

या हिशेबात एक नजाकत आहे. आपण लिटर, मिलिलिटर कुठेच मध्ये आणले नाहीत. आम्ल घालताना द्रावणाचं आकारमान थोडं वाढतं, पण वरच्या आणि खालच्या दोघांनाही तोच आकडा भागतो, म्हणून तो कटतो. मोल सरळ मोलांत ठेवून उत्तर येतं. गुणोत्तराची ही कृपा.

पण हीच कृपा ओळीचं मौनही आहे. आकारमान कटलं, त्याबरोबर एकूण साठाही कटला. वरचं उदाहरण पुन्हा घ्या, फक्त आम्ल आणि क्षार दोन्ही दहापट कमी: ०.०१ आणि ०.०१ मोल. गुणोत्तर तेच, सामू तोच ४.७६. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या, तर ही ओळ त्यांच्यात भेद करणार नाही. आता त्यातही ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. अ‍ॅसेटेट सगळाच्या सगळा संपला. वर शून्य उरलं, ओळ तिथेच मोडली. द्रावणात फक्त सौम्य आम्ल राहिलं आणि सामू ३.२ च्या आसपास घसरला. रांजणातल्या आणि लोट्यातल्या पाण्याची पातळी एका रेषेत आणता येते. तहान भागवायची वेळ आली की फरक कळतो. ओळ पातळी सांगते. साठा आपला आपण विचारायचा असतो.

पोहरादेवीचं शिवार नेमकं याच जागी बोलू लागतं. बंजारा समाजाची काशी म्हणून हे गाव महाराष्ट्राबाहेरही ओळखलं जातं. जगदंबेचं देऊळ, संत सेवालाल महाराजांची समाधी, रामनवमीची यात्रा, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालेलं बंजारा विरासत संग्रहालय. रेल्वे येण्याआधी याच समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर लदेणी करत. त्या मिठाचा या ओळीत शिरकाव नाही, हेही सांगण्यासारखं. सूत्रात ‘क्षार’ लिहिलंय म्हणून खायचं मीठ घालून चालत नाही. त्यातला क्लोराइड हा हायड्रोक्लोरिक आम्लाचा उरलेला भाग, आणि ते आम्ल इतकं जहाल की आयन सोडल्यावर परत घ्यायचं नाव काढत नाही. पकडणारा असा निरिच्छ असला की बफर होत नाही. सौम्य आम्लाचाच क्षार लागतो.

असा क्षार पोहरादेवीच्या आसपासच्या काळ्या जमिनींत निसर्गानंच घालून ठेवलाय. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झालेली ही माती. सोयाबीन, तूर, कपाशी घेणारी, पावसात चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. नांगराच्या तासात पांढुरके खडे वर येतात, ती चुनखडी. रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे कार्बोनिक आम्लाचा क्षार. या चुनखडीच्या जमिनींचा सामू साधारण ७.५ ते ८.५ मध्ये असतो. सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि तपासणीअंती कळतं की लोहाची उणीव आहे. जमिनीत लोह नाही असं नाही, चढ्या सामूला ते विरघळत नाही, म्हणून मुळाला मिळत नाही.

मग साहजिक विचार येतो: सामूच उतरवू. गंधक टाकू. जमिनीतले जीवाणू गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल करतात, ते चुन्याला मारेल, सामू खाली येईल. ओळीकडे पाहिलं तर विचार बरोबर आहे. पण ओळीचं मौन लक्षात ठेवून साठा मोजू. एका एकरातली वरची पंधरा सेंटिमीटर माती सुमारे ९ लाख किलो भरते. तिच्यात चुनखडी नुसती १ टक्का धरली, तरी ९ हजार किलो चुनखडी झाली. १०० किलो चुनखडी संपवायला ३२ किलो गंधक लागतं. म्हणजे एकरी जवळजवळ २,९०० किलो. आपण टाकतो दहा किलोची पिशवी. ती ३१ किलो चुनखडी खाईल, म्हणजे हजारात साडेतीन. पाच टक्के चुनखडीच्या रानात तर हा हिशेब पाचपट वाढतो. दहा किलो गंधक वाया जातं असं मुळीच नाही. सोयाबीनसारख्या पिकाला अन्न म्हणून ते हवंच असतं, आणि गंधकाच्या दाण्याच्या अगदी लगत तेवढ्यापुरता सामू उतरतोही. पण सबंध रानाचा सामू त्यानं हलत नाही. चुन्याच्या जोडीला काळ्या मातीतली चिकणही आयन धरून ठेवते, ती वेगळीच. दोन शेतांच्या मातीचा सामू सारखा, ८.२ असेल, एकात चुनखडी अर्धा टक्का, दुसऱ्यात दहा. ओळीला दोन्ही शेतं एकच. शेतकऱ्याला ती एक नव्हेत.

ओळीचं दुसरं मौन आणखी गंमतीचं आहे. आपण वर जी उदाहरणं सोडवली, त्यांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती: बाटलीला बूच आहे. जे आम्ल तयार झालं ते आतच राहिलं. कार्बोनिक आम्लाच्या बाबतीत हे गृहीत कोसळतं, कारण त्याला वायू होऊन निसटता येतं. हेंडरसनच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथेच होतं.

रक्ताचे आकडे घ्या. लिटरभर रक्तद्रवात बायकार्बोनेट २४ मिलिमोल, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोल. गुणोत्तर २०. लॉग टेबलमध्ये वीसचा लॉग १.३०. शरीराच्या तापमानाला, रक्ताच्या खारटपणात, कार्बोनिक आम्लाचा पीकेए ६.१. बेरीज ७.४. रक्ताचा सामू हाच. पुस्तकातला नियम सांगतो की पीकेएच्या एक अंक वर किंवा खाली गेलं की बफर लुळा पडतो. इथे तर १.३ चं अंतर आहे. तरी हे बफर जन्मभर काम करतं. कसं?

रामनवमीला चैत्राच्या उन्हात भराभर पावलं टाकत समाधीकडे निघालेला माणूस डोळ्यांसमोर आणा. पायांच्या स्नायूंतून लॅक्टिक आम्ल रक्तात येतंय. समजा, लिटरमागे ४ मिलिमोल. बायकार्बोनेट ते पकडतं, २४ चे २० होतात आणि ४ मिलिमोल कार्बन डायऑक्साइड जास्तीचा तयार होतो. बाटलीला बूच असतं, तर खाली १.२ चे ५.२ झाले असते. गुणोत्तर ३.८५, लॉग ०.५९, सामू ६.६९. या सामूला माणूस जगणं कठीण. पण छातीला बूच नाही. जास्तीचा वायू श्वासावाटे बाहेर गेला आणि खालचा आकडा १.२ वरच राहिला, तर गुणोत्तर १६.७, सामू ७.३२. त्यात धाप लागते, श्वास जोरानं होतो आणि खालचा आकडा १.०५ पर्यंत उतरतो. २० भागिले १.०५ म्हणजे १९, लॉग १.२८, सामू ७.३८. हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनं त्याआधीच आपला वाटा उचलतात, तो इथे धरलेला नाही. तरी ओळीचा खेळ दिसतो: आम्लानं वरचा आकडा खाल्ला, तर फुप्फुसानं खालचा आकडा कापला आणि गुणोत्तर सांभाळलं. धाप लागणं म्हणजे छेदाची दुरुस्ती.

हाच छेद पोहरादेवीच्या मातीतही हलतो, कारण मातीलाही बूच नाही. चुनखडी, पाणी आणि उघडी हवा इतकंच असेल, तर पाण्यात बायकार्बोनेट साधारण १ मिलिमोल असतं आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या त्र्याहत्तराव्या हिश्शाएवढा. ७३ चा लॉग १.८६. गोड्या पाण्यात आणि साध्या तापमानाला याच आम्लाचा पीकेए ६.३५. बेरीज ८.२. मातीच्या अहवालात ८.२ वाचलं की पुष्कळदा या बेरजेचंच उत्तर वाचत असतो आपण.

पण रान पिकात आलं की मुळं आणि जीवाणू श्वास घेतात, मातीच्या पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो बाहेरच्या हवेच्या दहापट सहज होतो. समीकरणाचा खालचा आकडा दहापट. वरचाही गप्प बसत नाही. जास्तीचं कार्बोनिक आम्ल थोडी चुनखडी विरघळवतं आणि बायकार्बोनेट सव्वादोनपटीच्या आतबाहेर वाढतं. गुणोत्तर जवळजवळ पाचव्या हिश्शावर येतं, लॉग ०.६७ नं घटतो, सामू साडेसातच्या घरात. एकाच जमिनीचा सामू मुळाशेजारी एक आणि वाळवून, चाळून प्रयोगशाळेत नेलेल्या नमुन्यात दुसरा येतो, याचं हे एक कारण. नमुना वाळला, साठलेला वायू उडाला, छेद लहान झाला. प्रयोगशाळेत एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून ढवळतात आणि सामूमापकाची कांडी त्यात बुडवतात. त्याआधी तीच कांडी ४.०, ७.० आणि ९.२ सामूच्या तयार द्रावणांत घालून यंत्र लावून घेतात. ती द्रावणंही बफरच: थॅलेट, फॉस्फेट आणि बोरॅक्स. माती नावाचं बफर मोजायला आधी माणसानं केलेलं बफर लागतं.

तिसरं मौन पहिल्या पदात दडलंय. पीकेए अढळ, असं आपण सुरुवातीला म्हटलं. रक्तात ६.१ आणि गोड्या पाण्यात ६.३५, हे दोन आकडे एकाच आम्लाचे आले तेव्हाच तो किंचित हलला होता. थेंब आणि पिंप यांनी पीकेए बदलत नाही हे खरं. पण तापमान आणि खारटपणा यांनी बदलतो. याची मोठी साक्ष शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आहे. उल्केच्या आघातानं झालेल्या त्या विवरातल्या सरोवराचा सामू १० च्या आसपास. तिथे कार्बोनिक आम्लाची दुसरी पायरी कामाला लागते: वर कार्बोनेट, खाली बायकार्बोनेट, गोड्या पाण्यातला पीकेए १०.३३. सामू १० धरला तर लॉग उणे ०.३३, म्हणजे साधारण दोन बायकार्बोनेटमागे एक कार्बोनेट. पण लोणारचं पाणी खारं. खाऱ्या पाण्यात आयनांची दाटी असते आणि हा पीकेए खाली सरकतो. तो अर्ध्या अंकानं जरी सरकला, तरी उत्तर तिपटीनं फिरतं: दोनास एक होतं ते दोनास तीन होतं आणि कार्बोनेटचं पारडं जड पडतं. पुस्तकातला पीकेए खाऱ्या पाण्याला जसाच्या तसा लावणाऱ्याला ओळ मुकाट चुकीचं उत्तर देते. लॉग मोठ्या फरकाला लहान करतो, म्हणून उलट्या बाजूनं गेलं की लहान चूक मोठी होते. ज्या गुणामुळे बफर स्थिर, त्याच गुणामुळे उलटा हिशेब नाजूक.

एवढी मौनं असलेल्या ओळीला थोर म्हणायचं का? म्हणावं. कारण तिची मौनं आडमुठी नाहीत, विचारलं की ती रस्ता दाखवतात. साठा किती हे तिनं सांगितलं नाही, पण वरचा आकडा शून्याकडे गेला की काय होतं ते तिच्यातच दिसतं. बूच आहे की नाही हे तिनं सांगितलं नाही, पण छेद कोण हलवतंय ते पाहा, असं ती सुचवते. अवघ्या तीन पदांत स्वभाव, व्यवहार आणि त्या व्यवहाराला बारीक करणारी चाळण बसवायची, आणि त्यात रक्त, रान आणि सरोवर तिन्ही मावावीत, हे सोपं नाही. हेंडरसनसमोर होतं ते फक्त रक्त.

आणि वाचन नीट झालं तर त्यातून शेतातला निर्णयही निघतो. विदर्भातल्या शेतकऱ्यासाठी १९६९ साली अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ उभं राहिलं. चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडलं की कृषिशास्त्राचा सल्ला असतो फेरस सल्फेटच्या फवारणीचा. लोह पानावर द्या, मातीच्या सामूशी झुंजत बसू नका. वरकरणी हा साधा औषधोपचार वाटतो. ओळ पचवलेल्याला त्यातला हिशेब दिसतो: ९ हजार किलो चुनखडीचं गुणोत्तर दहा किलोच्या पिशवीनं हलणार नाही, तेव्हा बफरला वळसा घालून पानाच्या वाटेनं आत शिरलेलं बरं. म्हणून मातीचा अहवाल हाती आला की सामूच्या रकान्यावर थांबू नये. मुक्त चुनखडीचा रकानाही वाचावा, आणि तो नसेल तर तेवढी तपासणी मागून घ्यावी.